पहिली रांग कुणाची?

५ नोव्हेंबर जवळ आला की सांगलीत एक वाद हमखास उकरून काढला जातो. रंगभूमी दिन, भावे पदक, नटराजपूजन हे सगळं रीतसर पार पडतं आणि मग कट्ट्यावर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत तेच सुरू होतं: नाट्यपंढरी आता नावापुरती राहिली, चांगली नाटकं कोल्हापूरला प्रयोग करून परस्पर माघारी फिरतात, सांगलीकराला नाटक नको झालंय. एक बाजू म्हणते, रसिकच संपला, मोबाइलने खाल्ला. दुसरी म्हणते, रसिक आहे हो, पण चारशे-पाचशेचं तिकीट कुणाला झेपतंय? महापालिकेने नाहीतर सरकारने कार्यक्रम फुकट करावेत, मग बघा नाट्यगृह कसं ओसंडतं ते. मिरजेत गाण्याच्या मैफलींबद्दल हेच ऐकू येतं आणि साताऱ्यात शाहू कलामंदिराच्या पायऱ्यांवरही याहून वेगळं काही बोललं जात नाही.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. रसिक संपलेला नाही, आणि फुकट केल्याने तो वाढणारही नाही. आपल्या गावांतल्या नाटकाला, गाण्याला, चित्राला आतून पोखरणारा माणूस वेगळाच आहे. त्याच्याकडे पैसा आहे, आवडही आहे असं तो सांगतो, पण पैसे द्यायची वेळ आली की त्याला पास हवा असतो. हा माणूस संख्येने थोडा आहे, पण बसतो पहिल्या रांगेत, आणि त्याच्याकडे बघून मागचे शिकतात. वादात मात्र त्याचं नाव कुणी घेत नाही, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खिशात तोच पास असतो.

गंमत अशी की ज्या प्रयोगाच्या आठवणीने आपण ५ नोव्हेंबर साजरा करतो, तो आजच्या भाषेत शंभर टक्के पासावर झाला होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, दरबारी मंडळींसमोर. ज्याला बोलावणं तो आत. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि आश्रय आटला. आता भाव्यांपुढे दोनच वाटा होत्या. गाशा गुंडाळायचा, नाहीतर ज्यांची तोंडओळखही नाही अशा लोकांकडून पैसे घेऊन खेळ करायचा. त्यांनी दुसरी वाट धरली, मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक राजवाड्यातून बाहेर पडलं ते या तिकिटाचं बोट धरून. दरबारात शिरायला हुद्दा लागत होता, घराणं लागत होतं. तिकिटाला ते लागत नाही. पैसा लागतो, हे खरंच, आणि ज्याच्याकडे तोही नव्हता तो तेव्हाही बाहेरच राहिला. पण पैसा कमावता येतो, घराणं कमावता येत नाही. आणि आज पास मिरवणारे लोक नकळत पुन्हा त्या दरबाराकडेच निघालेले आहेत. फरक इतकाच की आप्पासाहेब मंडळींचा खर्च उचलत होते. हे उचलत नाहीत.

गाण्यातही हेच घडलं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. गावातल्या एका समारंभाचं बोलावणं त्यांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. बुवांसारखा गवई मानाच्या पाहुण्यांत मोजायचा नसतो, अशी तेव्हाची रीत, असं सांगतात. १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली आणि पुढच्याच वर्षी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणं केलं. संस्थानिकाच्या मर्जीवर जगणारा गवई आणि तिकिटावर गाणारा गवई यांच्यात केवढं अंतर आहे ते यातून कळतं. श्रोत्याने पैसे दिले म्हणून गाणं बाजारू झालं का? उलट गवयाला मान ताठ ठेवून गाता आलं.

आता पहिल्या रांगेकडे जरा जवळून बघू. नाटक नऊचं. सव्वानऊ होतात, साडेनऊ होतात, पडदा हलत नाही. पुढच्या तीन रांगांतल्या खुर्च्यांच्या पाठीला चिकटपट्टीने ‘राखीव’ असे कागद लावलेत आणि त्या खुर्च्यांचे मानकरी अजून यायचेत. मागे तिकीट काढून बसलेल्या एक बाई घड्याळ बघतायत, कारण तासगावकडे जाणारी शेवटची गाडी चुकणार. मग मानकरी येतात, सहकुटुंब, सोबत शेजारची दोन पोरं. संयोजक हात जोडून पुढे. समई, शाल, श्रीफळ, आणि ‘फक्त दोन शब्द’ म्हणून वीस मिनिटं. पहिल्या अंकात फोन वाजतो, आणि तो बंद करायचा सोडून ‘नाटकात आहे, बोल बोल’ म्हणून उचलला जातो. मध्यंतरात वडा-चहा झाला की अर्धी रांग गायब. दुसऱ्या अंकात नट दिव्यांच्या पलीकडे बघतो तेव्हा त्याला सगळ्यात आधी काय दिसतं? कागद लावलेल्या रिकाम्या खुर्च्या. मुंबईला परत गेल्यावर तो काय सांगत असेल? सांगलीत लोकच नव्हते, हेच. लोक होते. दहाव्या रांगेच्या मागे होते.

तिकीट काढणारे सगळे सभ्य असतात असं मला म्हणायचं नाही. पैसे मोजून आलेलाही फोनवर बोलतो, पुडा फाडतो. पण त्याला निदान उठून जाताना चुटपुट लागते. पासवाल्याचं काय जातं?

खरा आक्षेप पुढे आहे आणि तो भक्कम आहे: तिकीट खरंच महाग आहे. नवरा-बायको, दोन मुलं, पाचशेच्या हिशेबाने दोन हजार, वर येण्याजाण्याचं आणि खाण्याचं. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल सोडा, खासगी शाळेतल्या शिक्षकालाही हा आकडा महिन्याच्या वाण्याच्या बिलाशी ताडून बघावा लागतो. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, ही तेवढीच सवलत. हे सगळं मान्य. पण मग दोन प्रश्नांची उत्तरं द्या. पास कुणाच्या हातात असतो, हमालाच्या की साहेबाच्या? मी आजवर एकाही हमालाला राखीव रांगेत बसलेलं बघितलेलं नाही. आणि तिकीट महाग का होतं? नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, त्यांच्या नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), लॉजचं बिल, यातला एकही खर्च पास वाटल्याने कमी होत नाही. समजा सातशे खुर्च्यांचं नाट्यगृह आहे आणि पुढच्या शंभर खुर्च्या पासात गेल्या, तर त्यांचा बोजा उरलेल्या सहाशेंवर पडतो, म्हणजे त्या शिक्षकावर. शिवाय गेल्या त्या शंभर सगळ्यात महाग विकल्या गेल्या असत्या अशा. गरिबाच्या नावाने गळा काढून श्रीमंताला फुकट बसवायचं, असा हा व्यवहार आहे.

नाटक कंपन्यांच्या जमान्यात यावर तोडगा होता. पुढे खुर्ची-कोचाचा चढा दर, मागे स्वस्तातलं पिट. पुढचा श्रीमंत मागच्या गरिबाचा भार थोडा का होईना उचलायचा, आणि पिटातली टाळी मिळवल्याशिवाय नटाला चैन पडत नसे. आज पुढचा काहीच देत नाही आणि मागच्याने सगळं द्यायचं. पिट परत आणा, शेवटच्या पाच रांगा शंभर रुपयांत द्या, माझी काहीच हरकत नाही. पण मग पहिल्या तीन रांगा हजाराला विकाव्या लागतील, आणि त्या विकत घ्यायला सांगलीत डॉक्टर, बिल्डर, बागायतदार कमी नाहीत.

आणि केवळ महागाईच आड येते म्हणावं, तर राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं काय? तिथलं तिकीट अगदी नाममात्र, वडापावच्या आसपासचं. नोकरी सांभाळून, रात्री उशिरापर्यंत तालमी करून, पदरचे पैसे घालून मुलं नाटक उभं करतात. त्या प्रयोगांना समोर बसलेले बरेचसे पुढच्या-मागच्या स्पर्धक संस्थांचे लोक आणि नटांचे नातेवाईक. ‘तिकीट परवडत नाही’ म्हणणारे तेव्हा कुठे असतात?

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीत टाकतो. तो असा की आपल्याकडे कला कधी विकत घ्यायची वस्तू नव्हतीच. कीर्तनाला तिकीट असतं का? मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे दारात कुणी उभं नसतं. चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या, त्यावर हमाल, प्राध्यापक, कंपाउंडर, कर्नाटकातून आलेले म्हातारे शौकीन, सगळे मांडीला मांडी लावून. नवरात्रात मिरजेच्याच अंबाबाईपुढे तेच. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तेच. अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तिथे जो उत्सव सुरू केला आणि पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला, त्यात आजही नामवंत येऊन गातात आणि खटाव तालुक्यातला शेतकरी पोतं झटकून पुढ्यात बसतो. हे माझ्या म्हणण्याच्या अगदी उलट नाही का?

नाही. या ठिकाणी फुकट आहे ते सगळ्यांना फुकट आहे. राखीव कागद नाही. पुढे बसायचं तर लवकर यायचं, एवढाच नियम. आणि तिथे जो देतो तो समजून उमजून देतो. गवई हजेरी म्हणून गातो, ती त्याची सेवा. ट्रस्टी वर्षभर पायपीट करतात, कुणी तांदूळ देतं, कुणी मांडव. देणारा कोण आणि घेणारा कोण हे तिथे उघड असतं. पासाच्या कार्यक्रमात गवयाने सेवा करायचं कबूल केलेलं नसतं. त्याला ठरलेलं मानधन हवं असतं, संयोजक ते जुळवताना मेटाकुटीला आलेला असतो, आणि तिसराच कुणीतरी त्यांच्या जिवावर रसिक म्हणून मिरवत असतो. या दोन फुकटांना एकाच तागडीत घालून वाद घालणं म्हणजे दानपेटीतून पैसे उचलून ‘देवळात सगळं देवाचंच असतं’ म्हणण्यातला प्रकार.

आणि जत्रेतला तमाशा तरी कुठे फुकट होता? यात्रा कमिटी घरटी वर्गणी काढते, फडाला सुपारी देते, तेव्हा पारावर ढोलकी वाजते. न देणाऱ्याचं नाव देवळात वाचून दाखवायची पद्धत काही गावांत होती, हे विसरू नये. पुढे मोठे फड तंबू लावून तिकिटावर खेळ करू लागले. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तंबूत तिकीट काढून बसणारे कोण होते? मळ्यातले गडी, विडी ओढत आलेले शेतमजूर, हमाल, गवंडी. दिवसाच्या मजुरीतले पैसे मोडून ते आत शिरत आणि गणगवळणीपासून वगाच्या शेवटापर्यंत रात्र जागून काढत. कलेला पैसे देणं हा पांढरपेशांचा शौक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा तंबू आठवावा. मला तर उलटं दिसतं. गरिबाने तिकीट काढलं आणि साहेबाने पास मागितला, असाच आपल्याकडचा एकूण इतिहास आहे.

सरकारने खर्च उचलावा, या मागणीतला निम्मा भाग मला मान्य आहे. नाट्यगृहाचं छत गळू नये, स्वच्छतागृहात पाय ठेवता यावा, ध्वनियंत्रणा नीट असावी, उन्हाळ्यात प्रेक्षक उकडून निघू नये, ही सार्वजनिक जबाबदारी आहे आणि ती फार वाईट पाळली जाते. तिकिटाचे पैसे देऊन ढेकणांनी भरलेल्या खुर्चीत का बसावं, हा प्रश्न रास्त आहे. पण प्रयोगाचाच खर्च सरकारने उचलायचा म्हटलं की मला सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आठवतात. ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. मधली ती वर्षं हे नाटक कुणाच्या पैशावर चाललं? तिकिटाच्या. सरकारी अनुदानावर ते पहिल्या तालमीपर्यंत तरी पोचलं असतं का? राज्य परकीय असो की आपलं, पैसे देणाऱ्याला नको असलेलं वाक्य कधी ना कधी गाळावंच लागतं. हजार अनोळखी लोकांनी थोडे थोडे पैसे दिले की वाक्य गाळा म्हणायला एकच एक मालक राहत नाही.

चित्रांबाबत तर बोलायचीच सोय नाही, पण बोलतो, कारण तिथे पासवाला अगदी उघडा पडतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, आणि चित्रं विकतही घेत. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी जे संग्रहालय उभं केलं त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्पसुद्धा. ‘तो राजा होता, त्याला परवडत होतं,’ असं कुणी म्हणेल. औंध हे काही बडं संस्थान नव्हतं, पण ते सोडून देऊ. खुद्द रविवर्म्याने १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना घातला तो कुणासाठी? राजासाठी नव्हे. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती कारकुनाने, वाण्याने, मास्तरने विकत घेतल्या, काच-चौकट करून ओटीवर लावल्या. काहींनी तर त्या चित्रांना खऱ्या कापडाचं लुगडं आणि जरीचे काठ चिकटवले. जाणकार यावर नाक मुरडतील. मला ते फार आवडतं. पैसे देऊन आणलेल्या चित्राशी माणूस असा संसार मांडतो.

आज सांगलीत प्रदर्शन भरतं. गणपतीच्या आरासीला यावी तशी गर्दी येते, सेल्फी निघतात, ‘हे सगळं हातानं काढलंय?’ असं विचारून झालं की लोक सरबत पिऊन जातात. विक्री शून्य. आणि शेवटच्या दिवशी उद्घाटनाचे पाहुणेच चित्रकाराच्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, नव्या बंगल्याच्या हॉलला एक द्या की, चार माणसं बघतील, तुमचंच नाव होईल. त्या हॉलच्या पीओपीला दोन लाख गेलेले असतात. पीओपीवाल्याला कुणी म्हणालं का, तुमचं नाव होईल? चित्रकला शिक्षकाच्या पगारात रंग-कॅनव्हास बसवणाऱ्या माणसाचं एक लहान जलरंगातलं चित्र दोन-तीन हजाराला मिळतं. संग्रह करायला राजवाडा लागत नाही. वर्षातून एकदा एका चित्राचे पैसे बाजूला काढले तरी दहा वर्षांत भिंत भरते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत या देण्या-घेण्याची नीट रीत अजून टिकून आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तलवारीची मागणी संपल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आत गेलं की छताला भीमाकाठचे वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुगा, आणि एक कारागीर जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावत बसलेला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. तार मिटल्या आवाजात बोलत असते आणि एकाएकी मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तसा झंकार सुटतो. तो लगेच थांबत नाही. पुन्हा थोडं घासतो, मान हलवतो, पुन्हा. तिथे आलेला गिऱ्हाईक घासाघीस करतो, पण ‘पासवर द्या’ असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. लाकूड, भोपळा, हात आणि वेळ डोळ्यांसमोर असल्यावर मागायला जीभ उचलत नाही. मग त्याच तंबोऱ्यासमोर बसून वीस वर्षं गळा घासलेल्या गवयाच्या मैफलीचा पास मागायला ती कशी उचलते? गवयाची कानस दिसत नाही म्हणून?

राहिला संयोजकांचा आक्षेप, आणि या सगळ्यांत त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. ते म्हणतात, पास बंद केले तर जाहिरात मिळत नाही, परवानगीचा कागद टेबलावर पडून राहतो, नाट्यगृहाची तारीख नेमकी दुसऱ्याला जाते. यात खोटं काही नाही. गावात राहायचं तर साहेबाला नाराज करून चालत नाही. मग निदान एवढं करा. जाहिरातदाराला शंभर पास हवेत तर शंभर तिकिटांचे पैसे जाहिरातीच्या दराबाहेर वेगळे घ्या. राखीव जागा पुढून नव्हे, मागून भरा. आणि नाट्यगृहाच्या दारात, तिकीटखिडकीशेजारी, आजच्या प्रयोगाला कोण कोण विनामूल्य बसलंय त्यांची यादी हुद्द्यासकट लावा. त्याला एक फळा आणि खडू पुरतो. असं करायला सांगलीत कुणी धजत नाही. का धजत नाही, हे यादीत ज्यांची नावं येतील त्यांनाच विचारलेलं बरं.